सायनसच्या ऑपरेशननंतर तपासणीला येणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कान-नाक-घसा विभागाच्या ओपीडीत परिचारिका आहे. सकाळी दुर्बिणीच्या खोलीत पेशंटशेजारी उभी असते आणि संध्याकाळी वही उघडून, तारखेला न आलेल्यांना फोन लावते. खालचे प्रश्न त्या फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि ओपीडीच्या बाकावर पुन्हा पुन्हा आलेले आहेत. उत्तरं आमच्या डॉक्टरांना वाचून दाखवली आहेत. तरीही तुमच्या डिस्चार्ज कार्डावर वेगळं लिहिलेलं असेल तर तेच पाळा. तुमच्या नाकात काय केलंय ते तुमच्या सर्जनलाच नेमकं माहीत असतं.

१. ऑपरेशन झालं, डोकं हलकं झालं, श्वासही मोकळा आहे. मग परत कशाला यायचं?

तारीख चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. ज्यांना त्रास होतो ते येतात, बरं वाटणारे येत नाहीत. पहिल्या महिन्यात मात्र बरं वाटणं आणि आतून बरं होणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, मूळची तोंडं मोकळी केली जातात. सायनसच्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते आतला शेंबूड ठरलेल्या वाटेनं मूळच्या तोंडाकडे ढकलत नेतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी ही वाट दुर्बिणीतून बारकाईनं पाहिली आणि आजच्या शस्त्रक्रियेचा पाया तिथेच घातला गेला. दुसरीकडे कुठेही भोक पाडलं तरी शेंबूड जुन्या तोंडाकडेच जातो. म्हणून ते तोंड उघडं राहणं महत्त्वाचं.

ऑपरेशननंतर नेमक्या त्याच जागेवर रक्त साकळतं, खपली धरते. नाकाच्या आत जागा किती असते म्हणाल, तर दोन भिंतींमध्ये काही मिलिमीटर. समोरासमोरच्या दोन ओल्या जखमा खपलीनं जोडल्या गेल्या की त्यांच्यात पडदा धरतो. दुर्बिणीच्या स्क्रीनवर मी पाहिलंय, सुरुवातीला तो दुधावरच्या सायीसारखा असतो. डॉक्टरांनी नळीचं टोक लावलं की सुटतो, पेशंटला कळतही नाही. तोच पडदा तीन-चार महिन्यांनी सुतळीसारखा चिवट झालेला असतो. सायनसचं तोंड त्याच्यामागे बंद झालेलं असतं आणि तो सोडवायला काही वेळा पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये जावं लागतं. मधल्या काळात पेशंटला काहीही दुखलेलं नसतं.

२. एकूण किती वेळा यावं लागतं?

साधारणपणे पहिली दुर्बीण तपासणी आठवड्याभरात, दुसरी दोन-तीन आठवड्यांनी, मग दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं. अस्तर पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात आणि ते बारीक केस नीट काम करू लागायला काही महिने. म्हणून अंतर वाढत जातं, पण तारखा लगेच संपत नाहीत.

सगळं जमणारच नसेल तर एवढं नक्की करा: पहिल्या तीन आठवड्यांतल्या दोन फेऱ्या चुकवू नका. पुढच्या तारखा आठवडाभर मागेपुढे झाल्या तर सहसा बिघडत नाही. नाकात मास (पॉलिप, म्हणजे सुजेनं वाढलेला मऊ गोळा) असलेल्यांसाठी हिशेब वेगळा आहे, तो प्रश्न १३ मध्ये आहे.

३. तपासणीत काय करतात? फार दुखतं का?

भीतीपोटी न येणारे बरेच असतात, म्हणून सगळं सांगते.

आधी नाकात बधिर करणाऱ्या औषधाची कापसाची पट्टी ठेवतात किंवा स्प्रे मारतात. दहा मिनिटं बसायचं. औषध घशात उतरतं, कडू लागतं, घसा जड होतो आणि गिळता येत नाहीये असं वाटतं. ते अर्ध्या-एक तासात जातं. घशाची शुद्ध परत येईपर्यंत गरम चहा घेऊ नका, भाजलेलं कळत नाही. मग साधारण चार मिलिमीटर जाडीची, पेन्सिलीहून बारीक दुर्बीण आत जाते. शेजारून बारीक नळीनं शेंबूड आणि सुटलेल्या खपल्या ओढून घेतात. दाब जाणवतो, डोळ्यांतून पाणी येतं, एखादी घट्ट खपली निघताना चिमटा बसल्यासारखं होतं. दोन-चार थेंब रक्त येऊ शकतं. बहुतेकांचं पाच-दहा मिनिटांत आटोपतं.

दोन गोष्टी माझ्याकडून. उपाशीपोटी येऊ नका. रिकाम्या पोटी भीतीनं घेरी येणारे मी दर आठवड्याला सावरते. पोळी-भाजी खाऊन आलेले क्वचितच पडतात. आणि दुखलं तर हात वर करा, डॉक्टर थांबतात. मागच्या वेळी खूप दुखलं असेल तर आल्या आल्या तसं सांगा, बधिर करायला जास्त वेळ देता येतो.

४. नाकात बोळे किंवा पट्ट्या ठेवल्यात असं सांगितलंय. त्या आपोआप जातात का?

याचं उत्तर घरी जायच्या आधीच विचारून घ्या आणि कार्डावर लिहून घ्या. काही बोळे विरघळणारे असतात, ते जेलीसारखे होऊन नाक धुताना निघून जातात. न विरघळणारे बोळे सहसा एक-दोन दिवसांत काढतात. नाकाचं वाकडं हाडही सरळ केलं असेल तर दोन्ही बाजूंना सिलिकॉनच्या पट्ट्या टाका घालून ठेवतात आणि त्या आठवडा ते दोन आठवड्यांत काढाव्या लागतात. त्या विरघळत नाहीत.

ही तारीख कुठल्याही कारणानं पुढे ढकलायची नाही. आत राहिलेला बोळा सडतो, घाण वास येतो आणि क्वचित जंतूंचं विष रक्तात जाऊन जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे येणं शक्य नसेल तर जवळच्या कुठल्याही कान-नाक-घसा डॉक्टरांकडे कार्ड घेऊन जा. पट्टी काढायला दोन मिनिटं लागतात. दोन काढायच्या होत्या तर दोन निघाल्या का, हे मोजून घ्या.

५. येताना काय आणायचं? आणि बायोप्सीचा रिपोर्ट नंतर कधी नेला तर चालेल का?

डिस्चार्ज कार्ड, चालू औषधं (नावं आठवत बसण्यापेक्षा पाकिटंच पिशवीत टाका), नाक धुवायची बाटली, आणि स्कॅनची फिल्म किंवा सीडी. बाटली अशासाठी, की ती कशी वापरता आणि आतून किती स्वच्छ आहे ते मला बघायचं असतं.

रिपोर्टचं मात्र मनावर घ्या. ऑपरेशनमध्ये काढलेलं मास तपासायला जातं आणि रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. बुरशीची वाढ तपासायला दिली असेल तर तीन-चार आठवडेही लागू शकतात. बहुतेक रिपोर्ट साधे येतात. पण एकाच बाजूला वाढलेलं मास कधी ‘इन्व्हर्टेड पॅपिलोमा’ नावाची गाठ निघते. ती पुन्हा उगवू शकते आणि थोड्या जणांत तिच्यात कर्करोग असतो किंवा पुढे होतो. तुम्ही आलाच नाहीत तर तो कागद आमच्या कपाटात आणि तुम्ही घरी निर्धास्त. रिपोर्ट आणायला दुसऱ्या कुणाला पाठवलंत तरी चालेल, पण तो डॉक्टरांनी वाचलेला असला पाहिजे.

६. कोणत्या त्रासासाठी तारखेची वाट बघायची नाही?

हा भाग घरातल्या दुसऱ्या माणसालाही वाचायला द्या.

नजर कमी होणं, एकाचे दोन दिसणं, डोळा सुजणं किंवा पुढे येणं. वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ, खारट पाणी टपटप गळणं. मेंदूभोवतीचं पाणी गळत असेल तर असं होतं. ताप, असह्य डोकेदुखी, मान आखडणं, गुंगी. लालभडक रक्ताची धार. धार लागली तर पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग घट्ट दाबा, पंधरा मिनिटं सोडू नका. तरीही थांबलं नाही, किंवा भळाभळा येऊन घशात उतरत असेल, तर निघा.

यांतलं काहीही झालं तर रात्र असो की दिवाळी, थेट हॉस्पिटल गाठा. आमचं लांब असेल तर जवळचं. गाडी नसेल तर १०८ लावा.

पहिल्या आठवड्यात गुलाबी पाणी येणं, काळपट-तपकिरी खपल्या पडणं, नाक चोंदणं, वास न येणं हे बहुतेकांना होतं. तेवढ्यासाठी धावत येऊ नका, पण तारखेला आल्यावर सांगा.

७. नाक धुवायला कोणतं पाणी? बोअरचं चालेल का?

बोअरचं, नळाचं, टाकीचं कुठलंही थेट चालणार नाही. घरच्या फिल्टरचं असलं तरी उकळा. खळखळून उकळी आली की किमान एक मिनिट तसंच राहू द्या, मग झाकून कोमट होऊ द्या. पाण्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. तसं होणं अतिशय दुर्मीळ, पण झालं तर माणूस वाचणं कठीण. २०२५ मध्ये केरळात अशा मेंदूज्वराचे रुग्ण सापडले तेव्हा अनेकांना हे पहिल्यांदा कळलं.

नाक धुवायच्या मिठाच्या तयार पुड्या मिळतात, पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात (बहुतेक बाटल्यांसाठी २४० मिली) एक पुडी. नुसतं पाणी वापरलं तर झोंबतं. तोंड उघडं ठेवून पुढे वाका, हळू दाबा. बाटली रोज धुऊन उलटी वाळवा, आणि तीन महिन्यांनी नवी घ्या.

जलनेती करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: नेतीचं भांडं चालेल, पण पाणी वरच्यासारखंच उकळलेलं. सूत्रनेती मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत अजिबात नको, आत ओली जखम आहे.

८. घरी रोज नाक धुतो, सूज उतरवणारा स्प्रेही मारतो. मग खपल्या काढायला हॉस्पिटलात का?

धुण्यानं सैल खपल्या निघतात आणि अर्ध्याहून जास्त काम तुमचं तुम्हीच करता. पण बाटलीचं पाणी वरच्या कोपऱ्यांपर्यंत, विशेषतः कपाळाच्या सायनसच्या तोंडाशी, नेहमी पोचत नाही. तिथली खपली दुर्बिणीखालीच निघते. किती वेळा साफ करावं याबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. काही जण दर आठवड्याला करतात, काही एकदाच. तुमच्या डॉक्टरांनी कमी वेळा बोलावलं तर त्यांनी हयगय केली असं समजू नका.

घरी काडी, इअरबड, चिमटा घालून खपली काढू नका. स्प्रे मारताना उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या, टोक कानाच्या दिशेला. नाकाच्या मधल्या भिंतीवर मारला की रक्त येतं आणि मग लोक स्प्रेच बंद करतात. आधी धुणं, थोड्या वेळानं स्प्रे.

९. गावातल्या डॉक्टरांना दाखवलं किंवा व्हिडिओ कॉल केला तर चालणार नाही का?

औषधाची शंका, शुगर, ताप, जखम, बीपी यासाठी जरूर दाखवा. फोटो-व्हिडिओवर मी स्वतः रोज उत्तरं देते. पण नाकपुडीत बॅटरी मारून जे दिसतं ती फक्त ओसरी. पडदा धरतो तो माजघरात. तिथे बघायला दुर्बीण लागते. जिल्ह्याच्या गावी कान-नाक-घसा तज्ज्ञ असतील तर मधल्या फेऱ्या त्यांच्याकडे करता येतात. फक्त आमच्याकडून ऑपरेशनची नोंद घेऊन जा आणि त्यांनी काय पाहिलं ते कार्डावर लिहून आणा.

१०. तारीख चुकून महिना झाला. आता आलो तर डॉक्टर ओरडतील का?

या प्रश्नानं मला फार वाईट वाटतं, कारण ही भीती उगाच आलेली नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षात, दुसऱ्या एका ठिकाणी, मी पाहिलं होतं: उशिरा आलेल्या एका मावशींना सगळ्या रांगेसमोर ऐकवलं गेलं. “आता कशाला आलात?” त्या पदर तोंडाला लावून उठल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. मी तिथेच उभी होते, काही बोलले नाही. आता आमच्याकडे कुणाला तसं बोलू देत नाही.

या. महिन्यानं आलात तर महिन्यानं, वर्षानं आलात तर वर्षानं. नवीन केसपेपर काढताना “आधी इथेच ऑपरेशन झालंय” एवढं सांगा म्हणजे जुनी फाइल निघते. पडदा धरला असला तरी बऱ्याचदा ओपीडीतच सोडवता येतो. का आला नव्हतात तेही खरं सांगा. शेतात पाणी द्यायचं होतं, पैसे नव्हते, सासूबाईंनी सोडलं नाही, काहीही असो. त्यावरून पुढची तारीख ठरवता येते.

११. एका फेरीला दिवसाची मजुरी जाते, दोघांचं भाडं जातं. काही सोय आहे का?

पूर्ण सोय नाही, पण माहीत नसल्यानं सुटणाऱ्या काही गोष्टी आहेत.

एसटीत राज्यात कुठेही महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. वयाचा पुरावा जवळ ठेवा. सोबत यायला मुलगा मोकळा नसेल आणि सून येऊ शकत असेल तर भाडं निम्मं होतं, हे एका आजोबांनीच मला शिकवलं.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारतमधून झालं असेल तर डिस्चार्जच्या आधीच आरोग्यमित्रांना (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्यांना) विचारा, की नंतरची कोणती तपासणी आणि किती दिवसांची औषधं पॅकेजमध्ये आहेत. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेले असतात. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांतली फेरी चुकवली तर हक्काचं सोडून दिल्यासारखं होतं. मेडिक्लेम असेल तर बऱ्याच पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतर ६० किंवा ९० दिवसांचा खर्च मिळतो. प्रत्येक बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठी लावून ठेवा.

सोबत माणूस पहिल्या दोन फेऱ्यांना हवा. नंतर एकटं आलं तरी चालतं.

१२. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचंय, सहा महिने गावी नाही. तारखा कशा पाळू?

ऑपरेशनच्या आधी सांगितलंत तर सगळं जमतं, नंतर कळलं तर कठीण जातं.

एक ताई होत्या. दोन्ही बाजूंना मास, ऑपरेशन छान झालं, आठवड्यानं आल्या, आतून स्वच्छ होतं. दुसऱ्या तारखेला आल्या नाहीत. मी फोन लावला तर शेजारच्या दुकानाचा नंबर निघाला, “ते कोयत्यावर गेले की” असं उत्तर मिळालं. त्या थेट वैशाखात आल्या. पाचटाची धूळ, फडात पेटवलेला ऊस, कोपीतली चूल. स्प्रे पहिल्याच महिन्यात संपलेला. स्क्रीनवर एका बाजूला जाड पांढरी दोरी आडवी आलेली आणि तिच्यामागे पुन्हा सोललेल्या द्राक्षासारखं मास. त्या मला म्हणाल्या, “सिस्टर, मला वाटलं एकदा काढलं की संपलं.” हे त्यांना नीट सांगायचं काम माझं होतं.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. भरतीच्या वेळीच विचारतो, पुढचे सहा महिने कुठे असाल. दोन फोन नंबर घेतो, त्यातला एक मुकादमाचा किंवा कारखान्याच्या गावातल्या माणसाचा. आणि घाईचं नसेल तर ऑपरेशन हंगाम संपल्यावर, चैत्र-वैशाखात धरतो, म्हणजे पहिले तीन-चार महिने माणूस गावी सापडतो. तुम्हीही हे मागून घ्या. जायचंच असेल तर तीन महिन्यांचा स्प्रे आणि पुड्या सोबत न्या आणि ज्या जिल्ह्यात जाताय तिथल्या तज्ज्ञांच्या नावानं चिठ्ठी घ्या (प्रश्न ९). इलेक्ट्रिशियन, ट्रकचालक, लग्नाच्या बँडमधले वाजवणारे, सगळ्यांना हेच लागू. शहनाई, क्लॅरिनेट, ट्रम्पेट वाजवणाऱ्यांनी फुंकायला कधी सुरुवात करायची ते वेगळं विचारावं, त्यानं आत दाब येतो.

१३. नाकातलं मास पुन्हा वाढतंच म्हणतात. मग ऑपरेशनचा आणि तारखांचा उपयोग काय?

बऱ्याच जणांत ते पुन्हा वाढतं, हे खरं आहे. मास हे आतल्या सुजेचं टोक असतं. ऑपरेशननं टोक छाटलं जातं, सूज आणण्याची शरीराची सवय राहतेच. ऑपरेशनचा मोठा फायदा असा, की आता धुण्याचं पाणी आणि स्प्रे सायनसच्या आत पोचतात. आधी दार बंद होतं. म्हणून स्प्रे महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षं लागतो. त्याचं औषध रक्तात फार कमी जातं आणि सवय लागत नाही. सवय लागते ती नाक झटक्यात मोकळं करणाऱ्या थेंबांची. ती वेगळी बाटली आहे, पाच दिवसांच्या वर वापरू नका.

तपासणीला येत राहिलात तर मास मोहरीएवढं असताना दिसतं आणि औषधानं बऱ्याचदा बसतं. नाक पूर्ण चोंदल्यावर आलात तर औषधाला वाव कमी उरतो. वास जाणं ही बहुतेकांची पहिली खूण. सकाळच्या चहातल्या आल्याचा, फोडणीतल्या हिंगाचा वास येईनासा झाला तर तारीख लांब असली तरी या.

बुरशीच्या ॲलर्जीमुळे सायनसचा त्रास असलेल्यांनी जास्तच जपावं. त्यांच्या सायनसमधून शेंगदाण्याच्या कुटासारखा चिकट गाळ निघतो आणि तो पुन्हा साठू शकतो. त्यांच्या तारखा काही वर्षं चालतात.

१४. मला दमाही आहे आणि अंगदुखीच्या गोळीनं धाप लागते. याचा सायनसशी संबंध आहे?

आहे. नाकात मास, दमा आणि ॲस्पिरिन किंवा तशा वेदनाशामकांनी होणारा त्रास हे त्रिकूट ओळखीचं आहे आणि त्यात मास फार लवकर परत येतं. प्रत्येक तारखेला, प्रत्येक डॉक्टरला, दाताच्या डॉक्टरांनाही हे सांगा. मेडिकलमधून अंगदुखीची गोळी स्वतःहून घेऊ नका. दम्याचा पंप बंद करू नका. सायनस आवरला की दमाही बऱ्याचदा आवरतो.

१५. शुगर आहे. काही वेगळं करायचं?

शुगरची वही प्रत्येक वेळी आणा. ऑपरेशननंतर सूज उतरवायला काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर शुगर वाढते. ज्यांच्याकडे शुगरची औषधं चालू आहेत त्या डॉक्टरांना आधी कळवा. गोळ्या हळूहळू कमी करायला सांगितल्या असतील तर मध्येच तोडू नका.

१६. २०२१ मध्ये ब्लॅक फंगसचं ऑपरेशन झालं होतं. अजूनही यायचं का?

त्या उन्हाळ्यात आमच्या वॉर्डात जे पाहिलं ते कुणीच विसरलेलं नाही. कोविडची दुसरी लाट, वाढलेली शुगर, स्टेरॉइड आणि बुरशीवरच्या अँफोटेरिसिन इंजेक्शनसाठी दारोदार फिरणारे नातेवाईक. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नंतर महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या, काहींचा वरचा जबडा किंवा डोळा काढावा लागला.

डॉक्टरांनी तपासण्या बंद केल्या असतील तर घाबरून येत राहायची गरज नाही. पण शुगर कायम आटोक्यात हवी. गाल बधिर होणं, दात हलणं, टाळूवर काळा डाग, नाकातून काळी खपली, डोळ्याभोवती सूज यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी या. ज्यांना टाळूच्या जागी कवळीसारखा तुकडा बसवलाय त्यांनी तो सैल झाल्यावर दुरुस्त करून घ्यावा. आत साठणाऱ्या खपल्या काढायला अधूनमधून यावं लागतंच.

१७. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दुर्बिणीच्या दिवशी बंद ठेवू का?

स्वतःहून नाही. गोळीचं नाव फोनवर कळवा, डॉक्टर सांगतील. न सांगता बंद केलेल्या गोळीनं नाकातल्या रक्तापेक्षा मोठा घात होऊ शकतो.

१८. मूल सहा वर्षांचं आहे, दुर्बीण घालूच देत नाही.

त्याला धरून, दाबून करू नये असं माझं ठाम मत आहे. एकदा तसं झालं की पुढची दहा वर्षं ते मूल पांढरा कोट बघून रडतं. मुलांसाठी बारीक दुर्बीण असते. पहिल्या फेरीला नुसतं स्क्रीनवर स्वतःची जीभ बघू द्यावी, नाक पुढच्या वेळी. मुलांमध्ये डॉक्टर कितीदा आणि काय बघायचं ते कमी ठेवतात. घरी नाक धुणं मात्र आईबाबांनी आधी स्वतःचं धुऊन दाखवलं की जमतं.

१९. ऑपरेशननंतर दिवस गेलेत. तपासणी, औषधं बंद करायची का?

तपासणीला या. मिठाच्या पाण्यानं धुणं चालू ठेवता येतं. बाकी प्रत्येक औषध, स्प्रेसुद्धा, आमच्या आणि प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना विचारून. सीटी स्कॅन टाळतात, म्हणून कुठेही आधी सांगा. गरोदरपणात नाक एरवीही चोंदतं, त्यामुळे ऑपरेशन फसलं असं लगेच ठरवू नका.

२०. तपकीर, मिश्री, विडी कधी सुरू करता येईल?

तपकीर नाही, कधीच नाही. तंबाखूची पूड थेट त्या जखमेवर बसते. विडी-सिगारेटच्या धुरानं ते बारीक केस (प्रश्न १) मंदावतात. मिश्री नाकात जात नसली तरी तोंडाच्या कर्करोगाचं कारण आहे, तीही सोडाच. चुलीपाशी बसणाऱ्या बायकांना “धूर टाळा” म्हणणं सोपं आहे. निदान पहिला महिना चूल दुसऱ्या कुणी पेटवावी, हे मी नवऱ्यांना समोर बसवून सांगते.

२१. मुलाकडे दुबईला जायचंय. विमानात कधी बसू?

बरेच सर्जन पहिले एक-दोन आठवडे विमान नको म्हणतात. तिकीट काढण्याआधी पहिली तपासणी होऊ द्या. लांब मुक्काम असेल तर दुसरी फेरी करूनच निघा. ऑपरेशनची नोंद, बायोप्सी रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी इंग्रजीत सोबत घ्या. उतरताना कान-कपाळ दुखलं तर गिळत राहा, जोरानं नाक शिंकरू नका. साधं नाक शिंकरायलाही पहिले दोन आठवडे मनाई असते. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्या.

२२. दुसऱ्या डॉक्टरांकडे पुढची तपासणी करायची आहे. इथे सांगायला संकोच वाटतो.

संकोच नको. ऑपरेशनची नोंद आणि रिपोर्ट मागणं हा तुमचा हक्क आहे. कोणत्या सायनसची तोंडं उघडली, काय ठेवलं, काय काढलं हे त्या कागदात असतं आणि पुढच्या डॉक्टरांना त्याशिवाय अंदाजानं बघावं लागतं. कुठेही जा, पण मधल्या तारखा बुडवून जाऊ नका.

२३. मग या तारखा संपतात कधी?

मास नसलेल्या साध्या सायनसमध्ये, सगळं स्वच्छ दिसलं तर बऱ्याच जणांच्या सहा महिने ते वर्षात संपतात. मास, दमा, बुरशीची ॲलर्जी असेल तर वर्षातून एक-दोनदा, बराच काळ. प्रश्न ५ मधली गाठ असेल तर अनेक वर्षं, कारण ती उशिराही परत येते. शेवटच्या फेरीला डॉक्टर कार्डावर तसं लिहितात आणि मी वहीतल्या नावापुढे लाल पेनानं बरोबरची खूण करते. ती खूण होईपर्यंत संध्याकाळी साडेपाचनंतर माझा फोन येईल. उचला, आणि नंबर बदलला असेल तर नवा कळवा.